एचडीआर चालू केलं की चित्र फिकं पडतं: नांदेडच्या मित्राला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २७ इंची १४४०पी आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) मॉनिटर २४ हजारांना घेतला, खोक्यावर ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ लिहिलंय, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. विंडोज ११ मध्ये एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड-अंधारातलं जास्त अंतर दाखवणारं चित्र) चालू केलं की डेस्कटॉप धुरकट होतो, गेममधल्या गुहा राखाडी दिसतात आणि दुकानदार म्हणतो कार्ड बदला. दादा, कार्ड बदलू नका. त्या कार्डाला एचडीआर व्यवस्थित देता येतं. अडचण पॅनेलमध्ये आहे, थोडी विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे.

मी परभणीत लग्नाचे अल्बम डिझाइन करतो, त्यामुळे दिवसभर डोळ्यांसमोर काळं-पांढरंच असतं. एचडीआर मला समजलं तेही अल्बमवरूनच. कागदावर सगळ्यात पांढरं काय, तर कोरा कागद. नवरीच्या पैठणीची जर उन्हात कितीही लखलखली तरी छापल्यावर ती कागदापेक्षा उजळ होत नाही. मग आम्ही जरीच्या आजूबाजूचं थोडं दाबतो, म्हणजे ती उठून दिसते. साधं, एचडीआर नसलेलं चित्र, म्हणजे एसडीआर, असंच बनतं. त्यात पांढरा हाच शेवट, आणि तो १०० निट धरून ठरवलेला असतो (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप). एचडीआरमध्ये कागदाचा पांढरा आपल्या जागी राहतो, गेममध्ये साधारण २०० निटला, आणि जरीला, मशालीच्या ज्योतीला, पाण्यावरच्या उन्हाला त्याच्या वरची जागा मिळते. एचडीआर१० हा एचडीआरचा नेहमीचा प्रकार ज्या पीक्यू वक्रावर, म्हणजे उजेडाच्या मोजपट्टीवर, चालतो ती कागदोपत्री १०,००० निटपर्यंत जाते. तुमचा मॉनिटर ४०० ला थांबतो. म्हणजे तुमच्या मशालीला कागदाच्या दुप्पट उजेड मिळणार, १००० निटच्या पडद्यावर तीच मशाल पाचपट होते.

पण खरी मेख उजेडात नाहीच, अंधारात आहे, आणि हे विकत घेताना कुणी सांगत नाही. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते, साधारण हजाराला एक असतो. मागचा दिवा सगळ्या पडद्याला एकच. गुहेत मशाल दिसली, ती ४०० निटवर न्यायची तर मागचा दिवा पूर्ण मोठा करावा लागतो, आणि मग शेजारची काळी भिंत ०.४ निटवर येते. रात्री दिवे घालवून बसलात तर ०.४ निट म्हणजे सरळ राखाडी. हाच मॉनिटर एसडीआरमध्ये १२० निटवर ठेवला तर तीच भिंत ०.१२ निट होते. म्हणून तुम्हाला एचडीआर बंद केल्यावर गुहा जास्त खोल वाटते. तुमच्या डोळ्यांनी बरोबर पकडलंय, तो भास नाही.

तुमच्या खोक्यावरची डिस्प्लेएचडीआरची प्रमाणपत्रं वेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१७ च्या डिसेंबरात आणली. त्यातल्या ४०० च्या पायरीला पडद्याचा एक भाग मंद आणि दुसरा प्रखर करण्याची, म्हणजे लोकल डिमिंगची, अटच नाही. ६०० च्या पायरीवर ते येतं, पण बऱ्याच मॉनिटरमध्ये दिवे फक्त कडेला असतात आणि पडद्याचे आठ-सोळा उभे पट्टे तेवढे होतात. परीक्षा सोपी आहे. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवा, एचडीआर चालू ठेवा, पूर्ण काळं चित्र पडदाभर लावा आणि माउसचा पांढरा बाण सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. बाणाबरोबर एक उभा पट्टा उजळत चालला तर दिवे कडेला आहेत. बाणाभोवती लहानसं तेजोवलय दिसलं तर मागे झोन, म्हणजे वेगवेगळे कमी-जास्त होणारे दिव्यांचे गट, आहेत. काहीच हललं नाही आणि सगळा पडदा सारखाच राखाडी राहिला तर दिवा एकच. तुमच्याकडे हे तिसरं दिसेल असं मला वाटतं. मी ओरी या गेमचा दुसरा भाग लावूनही बघतो. काळ्या जंगलात ते चिमुकलं पांढरं पिल्लू उड्या मारतं, तेव्हा त्याच्याभोवती धुकं किती पसरतं ते पाहिलं की पॅनेलची पत्रिका कळते.

आता डेस्कटॉप धुरकट का होतो. एसडीआरमध्ये तुम्ही मॉनिटरची ब्राइटनेस वाढवून २५०-३०० निटवर बसलेले असता. एचडीआर चालू झालं की पांढरा किती उजळ हे विंडोज ठरवतं, आणि बऱ्याच मॉनिटरवर ब्राइटनेसचं बटणही बंद पडतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, एचडीआर असं जा. तिथे एसडीआर कंटेंट ब्राइटनेसची पट्टी आहे, ती वाढवा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल. उरलेली निम्मी गडद भागांची. आकड्यावरून कुठली छटा किती उजळ दाखवायची हे एका वक्रानं ठरतं. एचडीआर मोडमध्ये विंडोज साध्या चित्राला एसआरजीबीचा वक्र लावतं, तर आपले मॉनिटर इतकी वर्षं गॅमा २.२ या वक्रानं चालत आलेत. दोन्हींमध्ये फरक पडतो तो नेमका काळ्याच्या जवळ, म्हणून सावल्या उचलल्यासारख्या, दूध सांडल्यासारख्या दिसतात. ऑटो एचडीआर, म्हणजे साध्या गेमला विंडोजनं आपोआप एचडीआर करणं, त्यातही हाच त्रास आहे. तेव्हा ब्राउझर, एक्सेल, फोटो यांच्यासाठी एचडीआर बंदच ठेवा. विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणं एकदम दाबली की ते चालू-बंद होतं.

एचडीआर चालू आणि बंद असताना तुम्ही मोबाईलनं काढून पाठवलेले दोन फोटो मी पाहिले, पण त्यावरून काही ठरवता येत नाही. फोनचा कॅमेरा दोन्ही वेळेस एक्स्पोजर स्वतःच्या मनानं बदलतो. फोटो काढायचेच तर एक्स्पोजर हातानं कुलूपबंद करून काढा.

गेमच्या सेटिंगमधल्या उजेडाच्या पट्ट्यांवर मात्र वेळ घाला. आधी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन हे फुकटचं अ‍ॅप घ्या. त्यात तीन नमुने येतात: सगळ्यात काळं, लहान चौकोनातलं सगळ्यात उजळ, पूर्ण पडद्याचं सगळ्यात उजळ. नमुना दिसेनासा होईपर्यंत पट्टी सरकवायची. शेवटी रंग गडद करण्याची पट्टी येते, तिला हात लावू नका. दुसरा आकडा ४०० च्या आसपास आला तर ठीक. हजाराच्या पुढे गेला तर समजा की मॉनिटर आतल्या आत उजेड दाबून दाखवतोय, तो आकडा खरा धरू नका. मग गेममध्ये पीक ब्राइटनेस, म्हणजे सगळ्यात जास्त उजेड, ४०० ठेवा. लोक तिथे हौसेनं १००० टाकतात आणि ढगांचा कापूस होतो, त्यातलं नक्षीकाम सगळं जळून जातं. पेपर व्हाइट, म्हणजे वर सांगितलेला कागदाचा पांढरा, अशी पट्टी असेल तर रात्री १५० पुरे. काही गेममध्ये एचडीआर शेवटच्या आठवड्यात चिकटवल्यासारखं असतं आणि काळं कधीच खाली बसत नाही, तिथे तुमची काही चूक नसते. तो गेम एसडीआरमध्ये खेळा. साध्या गेमला एचडीआर करणारी एनव्हिडियाची सोय, आरटीएक्स एचडीआर, तुमच्या कार्डावर चालेल, थोडे फ्रेम खाईल, पण या पॅनेलवर त्यातून हाती फार लागणार नाही.

केबलचं एवढंच: १४४०पीला डिस्प्लेपोर्ट १.४ पुरतं, एचडीएमआय वापरत असाल तर आधी ते बदलून बघा.

दुकानदाराच्या सल्ल्यावर मी इतका ठाम आहे कारण मी तो ऐकून बसलोय. हॉलमधल्या टीव्हीला पीसी जोडला तर विंडोजमध्ये एचडीआरचा पर्यायच येईना. दुकानात सांगितलं, कार्ड जुनं झालं. दोन सिझनच्या अल्बमांचे पैसे साठवून नवं कार्ड आणलं, तरी तेच. तिसऱ्या रात्री टीव्हीच्या मेनूत खोल कुठेतरी सापडलं की प्रत्येक एचडीएमआय पोर्टला जास्त बँडविड्थची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि माझ्या पोर्टची बंद होती. ती दिली आणि पर्याय आला. मग ढग पांढरेफटक. गेम एकदा उजेड बसवत होता, टीव्ही पुन्हा एकदा. टीव्हीत एचजीआयजी मोड निवडला, म्हणजे टीव्हीनं आपली लुडबुड थांबवली, आणि ढगांमधल्या घड्या पहिल्यांदा दिसल्या. ते पैसे आजही मला लागून आहेत, म्हणून तुम्हाला अडवतोय.

परत करायची मुदत उरली असेल तर ठरवा, एचडीआर हवंच आहे का. नसेल तर हा मॉनिटर वाईट नाही, एसडीआरसाठी २४ हजारांत छान आहे, ठेवा. हवंच असेल तर पैसे साठवा आणि काही शे झोनचा मिनी-एलईडी (मागे बारीक दिव्यांचे गट असलेला) किंवा ओलेड (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) घ्या, मधल्या पायऱ्यांवर अडकू नका. दोन्हींत निवड खोलीवरून करा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पडदा ओढला तरी पश्चिमेच्या खिडकीतून उजेड आत येतोच. क्यूडी-ओलेड या ओलेडच्या प्रकाराचं काळं अशा उजेडात जांभळट राखाडी दिसतं, तिथे मिनी-एलईडी बरा. रात्री अकरानंतर दिवे घालवून खेळणार असाल तर ओलेडसारखं दुसरं काही नाही. मात्र त्याचेही १००० निट पडद्याच्या दोन-तीन टक्के भागापुरतेच. सगळा पडदा पांढरा झाला की तो २५० च्या आसपास उतरतो, कॅलिब्रेशनमधल्या तिसऱ्या नमुन्यात हे दिसेल.

आणि ओलेड घेतलात तर घरच्यांना एक सांगून ठेवा. आपल्याला उठताना बोर्डाचं बटण बंद करायची सवय असते. ओलेड मॉनिटर बंद केल्यावर स्टँडबायमध्ये आपले पिक्सेल स्वतः दुरुस्त करून घेतो, त्याला तेवढा वेळ वीज लागते. रोज भिंतीवरूनच तोडलं तर ते काम कधीच पूर्ण होत नाही आणि डाग लवकर पडतात. भारनियमन असेल तर मॉनिटरही यूपीएसवर घ्या, फक्त सीपीयू नको.

आज रात्री बाणाची परीक्षा करा आणि कॅलिब्रेशनचे तिन्ही आकडे इथे लिहा. मॉनिटर परत करायला किती दिवस उरलेत तेही सांगा, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.