गोळी घेऊनही हाडांची घनता घटली?

“दीड वर्ष दर रविवारी उपाशीपोटी हाडांच्या ठिसूळपणाची गोळी घेतली, वर अर्धा तास ताठ बसून राहिले. तरी हाडं आणखी झिजलीच! गेल्या महिन्यापासून बंदच केलीय.” पासष्टीच्या काकूंनी फाइल पुढे सरकवली. गोळी स्वतःच्या मनाने बंद करून येणारे बरेच जण हेच सांगतात.

फाइलमध्ये डेक्साचे, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीचे, दोन रिपोर्ट होते. कमरेच्या मणक्यांची घनता आधी 0.87, आता 0.74. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी केलेली तुलना, उणे 2.6 वरून उणे 2.8. काकांनी तर पंधरा टक्के घट झाल्याचं गणितही मांडून आणलं होतं. सोबत सोसायटीतल्या शिबिराचा, टाचेवर मशीन लावून काढलेला कागद. त्यात सगळं जवळपास ठीक. “मग खरं कोणाचं मानायचं?” हा काकांचा प्रश्न रास्तच होता.

मी दोन्ही रिपोर्टांच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मशीनची कंपनी वेगळी. दुसरं केंद्र घराजवळ पडतं म्हणून काकू तिकडे गेल्या होत्या. हाडं तीच असली तरी दोन कंपन्यांच्या मशीनवर मणक्यांचा आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळा येऊ शकतो. त्यामुळे ही वजाबाकी मुळात करायचीच नसते. टाचेचं मशीन ध्वनिलहरींवर चालतं. चाळणीपुरतं ठीक, औषध लागू पडतंय का ते त्यावरून कळत नाही. (शिबिरवाले हे सांगत नाहीत, याचा मला राग येतो.)

डॉक्टरांनी जुन्याच केंद्रात तपासणी परत करायला लावली. त्या सकाळी कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही, असं मी बजावलं होतं. न विरघळलेली गोळी मणक्यांसमोर आली तर आकडा फुगतो. रिपोर्ट आला 0.88.

“म्हणजे वाढलं?” काकू खुलल्या. तेही नाही. त्याच मशीनवरून माणसाला उठवून पुन्हा झोपवलं तरी आकडा थोडा हलतोच. मणक्यांत साधारण पाच टक्क्यांच्या आतला फरक आम्ही बदल म्हणून धरत नाही. पण या वयात, पाळी जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, घनता टिकून राहणं हेच औषधाचं काम.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. पुढची तपासणी त्याच मशीनवर, असं काकांनी फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवलंय. शिबिराचा कागद मात्र त्यांनी फेकला नाही, “असू दे” म्हणाले.