मसाईच्या पठारावर पहिल्यांदा चढताना

भावा, कोल्हापूरकडं पन्हाळ्याजवळच्या या पठारावर गणपती झाले की सप्टेंबरात जा. गाडीरस्त्यानं नको, खालच्या वाडीतून चढ. वाट थोडकी आहे, पण चढ छातीवरचा. नवखे पहिली दहा मिनिटं पळत सुटतात आणि निम्म्यातच दम तुटतो. बोलता येईल एवढ्याच वेगानं चढ.

- कोरे बूट नकोत. ओल्या जांभ्यावर, म्हणजे इथल्या तांबड्या खडकावर, शेवाळ असतं, तळव्याला खाचा हव्यात.
- कासारी नदीचं खोरं दिसलं की पोरं थेट कड्याकडं धावतात. गवतात कडा झाकलेला असतो, त्यात धुकं. चार पावलं मागंच थांब.

फुलांपाशी मात्र भरपूर वेळ काढ. जांभ्यावर माती बोटभर, तीही निकस, म्हणून इथल्या काही वनस्पती किडे खातात. गुडघ्यावर बसून बघ: दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानावर तांबड्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, एखाद्यात अडकलेलं चिलट. शेजारी सीतेची आसवं नावाची निळी-जांभळी फुलं. फोटोसाठी फुलांत लोळणारी माणसं मला बघवत नाहीत. तू उघड्या कातळावरच पाय ठेव.

गेंद, सोनकी, तेरडा ओळखणं पुढच्या खेपेला शिकू. उतरताना गुडघे जप, आणि अंधाराआधी खाली ये.