‘डूम्ड’ कधी म्हणायचं?

अरे, ‘आय डूम्ड द पेपर’ लिहू नकोस. ‘मी नापास झालो’ असा अर्थ त्यातून निघत नाही. हे क्रियापद बहुतेकदा कर्मणीत येतं: ‘द प्लॅन वॉज डूम्ड टू फेल’, म्हणजे बेत फसणारच होता. ‘टू’पुढे क्रियापद, नाहीतर ‘फेल्युअर’सारखं नाम. मुळात ‘डूम’ म्हणजे निवाडा. इंग्लंडातल्या १०८६ च्या जमीन-नोंदींच्या दप्तराला लोक पुढे ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले, कारण त्यावर अपील नव्हतं!

मागावर चढवलेलं सूतच कुजकं असेल, तर आपली सोलापुरी चादर ‘डूम्ड फ्रॉम द स्टार्ट’, म्हणजे सुरुवातीपासूनच बिघडणार हे ठरलेलं. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात बस चुकली, तर नुसतं ‘मिस्ड’. तेवढ्यासाठी कपाळ बडवायचं नाही. (मी बडवायचो.)