स्टोरीबोर्डचा पहिला मसुदा एआयचा, मग आपले काम कोणते?

प्रश्न : मी पुण्यातील एका ई-लर्निंग कंपनीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे, म्हणजे ऑनलाइन प्रशिक्षणाचे धडे (मॉड्यूल) रचणे हे माझे काम. स्टोरीबोर्डचा, म्हणजे धड्यात पडद्यावर क्रमाने काय दिसेल आणि ऐकू येईल याच्या आराखड्याचा, पहिला मसुदा एआयकडून करून घ्यावा, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. मसुदा झटपट मिळतो, परंतु त्यावर किती विसंबावे हे कळत नाही आणि आपले कौशल्य निरुपयोगी ठरेल अशी भीतीही वाटते. सध्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या प्रतिबंधाविषयीचे मॉड्यूल हाती आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : शिकणाऱ्याला शेवटी काय करता आले पाहिजे, हे एआयला विचारण्याआधी स्वतः लिहून काढा. ‘कायदा समजणे’ हे उद्दिष्ट येथे पुरेसे नाही. सहकारी महिलेने छळाविषयी सांगितल्यावर पाळीप्रमुखाने प्रकरण परस्पर मिटवू न पाहता तिला अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या कामाच्या ठिकाणच्या समितीकडे) जाण्याचा मार्ग दाखवणे, हे खरे उद्दिष्ट होय. ते ठरले की मसुद्यातील निम्मा मजकूर अनावश्यक असल्याचे आपल्यालाच दिसू लागेल.

दुसरी बाब तथ्यांची. एआय परदेशी कायद्यातील तरतूदही आपल्याकडचीच असल्यासारखी ठामपणे लिहू शकते. म्हणून या छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाचा मूळ मजकूर त्याला द्या, त्याच आधारे लिहायला सांगा आणि तरीही प्रत्येक आकडा स्वतः ताडून पाहा : तक्रारीची मुदत ३ महिने, समितीने लेखी कारणे नोंदवल्यास आणखी कमाल ३ महिने, चौकशीसाठी ९० दिवस. अखेरची तपासणी कायद्याच्या जाणकाराकडूनच व्हावी.

आपले कौशल्य सर्वाधिक लागते ते प्रश्न रचताना. एआयने दिलेल्या बहुपर्यायी प्रश्नांत बरोबर उत्तर पुष्कळदा सर्वांत लांब असते आणि चुकीचे पर्याय इतके उघड असतात की मॉड्यूल न पाहताही ते वगळता येतात. चांगला चुकीचा पर्याय लोकांच्या खऱ्या गैरसमजातून येतो. ‘साक्षीदार नसेल तर तक्रार करता येत नाही’, ‘कंत्राटी कर्मचाऱ्यांना हा कायदा लागू नाही’, ‘हेतू वाईट नव्हता, म्हणजे छळ नव्हे’, असे समज प्रशिक्षकांशी आणि समितीच्या सदस्यांशी बोलून गोळा करा. ते हाती आले की त्यांवर बेतलेले वीस प्रसंग एआयकडून मागवा आणि त्यांतले चार ठेवा. ही निवड करण्याची नजर आपल्याजवळ आहे, म्हणून भीतीचे कारण मला दिसत नाही. मात्र प्रत्यक्ष तक्रारीचा तपशील, नावे बदलूनसुद्धा, या साधनात घालू नका. या कायद्याने गोपनीयता बंधनकारक केलेली आहे.

संवादांची मराठी मोठ्याने वाचून पाहा. चाकणच्या कारखान्यातील पाळीप्रमुख ‘सदर वर्तन अनुचित आहे’ असे बोलत नाही, आणि तो संवाद खोटा वाटला तर पुढचे सारे वाया जाते.

मसुद्याच्या कामात बचत झालेले तास वरिष्ठांकडे मॉड्यूलच्या चाचणीसाठी मागा आणि काही पाळीप्रमुखांना ते आपल्यासमोर सोडवायला लावून ते कुठे अडखळतात ते टिपून घ्या.