बीएमएस घ्यावं की बीएएफ?

प्रश्न : मुलीला बारावी कॉमर्सला ७८ टक्के आहेत. आम्ही डोंबिवलीत राहतो. बीएमएस घ्यावं की बीएएफ? आणि चर्चगेटचंच कॉलेज हवं का?

उत्तर : सीईटी (प्रवेश परीक्षा) दिली होती का, ते आधी पाहा. २०२४ पासून बीएमएस (मॅनेजमेंट स्टडीजची पदवी), बीबीए, बीसीए हे एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेखाली आले आणि त्यांना राज्याची सीईटी लागू झाली. काही कॉलेजांनी मात्र तोच अभ्यासक्रम 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' या नावाने बारावीच्या गुणांवर ठेवला. म्हणून माहितीपत्रकात पदवीचं पूर्ण नाव वाचा. सीए करायचं असेल तर बीएएफ, म्हणजे बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स), सरळ; अकाउंट्स, टॅक्स, ऑडिट तिथे खोलवर आहे. पण तो बहुधा विनाअनुदानित असतो, म्हणून फी जास्त. अनुदानित साध्या बी.कॉम.ची फी बरीच कमी, आणि सीएच्या क्लाससोबत तेही छान चालतं!

मुंबई विद्यापीठाचा प्रवेशपूर्व नोंदणी अर्ज वेगळा आणि कॉलेजचा वेगळा. अनेकजण पहिलाच भरून निवांत बसतात आणि यादीत नाव शोधत राहतात. मुलीची बारावी ज्या कॉलेजात झाली, तिथे इनहाऊस कोटाही विचारा.

चर्चगेट म्हणजे दादरला गाडी बदलणं आलं. सकाळी सातचं लेक्चर असेल तर मुलुंड-ठाण्याकडचं कॉलेज बरं.