पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना मनात 'स्वारगेट' म्हणा

तुम्ही लिहिलंय की २०१९ ची माझदा मियाटा (दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, हाताने गिअर टाकायची) सेकंडहँड घेतली, गाडी शिकलात पुण्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती ८०० वर, मग अमेरिकेत आल्यापासून बारा वर्षं ऑटोमॅटिक, आणि आता पहिल्याचा दुसरा टाकताना दर वेळी मान पुढेमागे होते, हायवेच्या एक्झिटवर खालचा गिअर टाकला की गाडी एकदम अडते आणि बायको म्हणते यापेक्षा रिक्षा बरी. मग क्लच अजून हळू सोडू का, शॉर्ट शिफ्टर (गिअर लिव्हरचा प्रवास कमी करणारा पार्ट) बसवू का, हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर) आत्ताच शिकू का असे तीन प्रश्न. मी आधी एनबी (मियाटाची जुनी पिढी) चालवायचो, आता तुमच्यासारखीच एनडी (नंतरची पिढी) आहे, राहतो न्यू जर्सीत, आणि यातला प्रत्येक धक्का मी स्वतः खाल्लाय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

'क्लच हळू सोड' हे ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी डोक्यात बसवलेलं वाक्य गाडी जागेवरून उचलताना बरोबर आहे. चालत्या गाडीत मात्र त्याने फक्त धक्का लपतो आणि त्याचं बिल क्लच प्लेट भरते. मी पहिलं वर्षभर हेच केलं, मला वाटायचं काय स्मूथ चालवतोय, आणि एक दिवस चढावर ट्रॅफिकमध्ये तो जळका वास आला. ज्याला येतो त्याला कळतो.

धक्का बसतो कारण इंजिन एका स्पीडने फिरतंय आणि गिअरबॉक्स दुसऱ्याच, आणि तुम्ही क्लच सोडून दोघांना म्हणता आता एकत्र फिरा. हजार किलोच्या आसपासची हलकी गाडी, त्यामुळे तो फरक थेट मानेपर्यंत येतो. आता तुमच्या गाडीचे आकडे बघा, कारण एनडीच्या सहा स्पीड गिअरबॉक्सचे रेशो (गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं ते) माहीत असले की अर्धं काम होतं. पहिला ५.०८७, दुसरा २.९९१, तिसरा २.०३५, चौथा १.५९४, पाचवा १.२८६, सहावा बरोब्बर १. म्हणजे पहिल्यात ३००० आरपीएमला (म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे; ताशी साधारण १५ मैल) गिअर बदलला तर दुसऱ्यात त्याच स्पीडला इंजिन १७६० च्या आसपास पाहिजे. १२०० पेक्षा जास्त खाली यायचंय! तेच दुसऱ्याचा तिसरा टाकताना ३००० वरून २०४०, तिसऱ्याचा चौथा २३५०, चौथ्याचा पाचवा २४२०. वरच्या गिअरना तुम्हाला काहीच त्रास होत नसणार, बरोबर? पाय तोच, क्लच तोच, फक्त उडी लहान आहे. तुमचा पाय वाईट नाहीये, तुम्ही घाई करताय एवढंच.

तर ॲक्सिलरेटर सोडा आणि क्लच दाबा, दोन्ही एकदमच, लिव्हर न्यूट्रलला आणा आणि तिथे थांबा. मनात 'स्वारगेट' म्हणा. सावकाश, कंडक्टरसारखं ओरडून नको. तेवढ्यात काटा १८०० कडे आलेला असतो, मग दुसऱ्यात ढकला आणि क्लच सरळ सोडून द्या, रेंगाळत नाही आणि आपटूनही नाही. दुसऱ्याच्या तिसऱ्याला 'डेक्कन' पुरतं. त्यापुढे काही म्हणायची गरज नाही. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत प्रदूषणाच्या नियमांमुळे रेस सोडल्यावर आरपीएम लगेच पडत नाही, जरा लोंबकळतं, म्हणून पूर्वीच्या गाडीच्या सवयीने हात चालवला की आपण लवकर पोचतो. सुरुवातीला गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये ३००० पर्यंत रेस द्या, सोडा, आणि १८०० ला यायला किती वेळ लागतो ते नुसतं ऐका, दहा-पंधरा वेळा. काट्याकडे बघू नका, आवाज ऐका, कारण रस्त्यावर काट्याकडे बघायला वेळ नसतो.

आणि फार लवकर पण बदलू नका. मारुतीवर शिकलेले आपण सगळे पेट्रोल वाचवायला २००० लाच दुसरा टाकतो, पण या गाडीत मग इंजिन ११७५ वर पडतं, घुरघुरतं, थरथरतं, आणि आपल्याला वाटतं क्लच चुकला. ३००० च्या आसपास बदला, इंजिन ७५०० पर्यंत जाणारं आहे, त्याला काही होत नाही.

हाताचं एक सांगायचं राहिलं. तुम्ही डाव्या हाताने शिकलात, आता उजव्या हाताने गिअर टाकताय. पेडल तिकडे इकडे सारखेच, क्लच डावीकडेच, त्यामुळे पायांना नवीन काही नाही. पण भारतात पहिला-दुसरा आपल्यापासून लांब असतात आणि पाचवा मांडीजवळ, इकडे उलटं, पहिला-दुसरा मांडीजवळ. मेंदू अजून पुण्यात असतो. त्यामुळे दुसऱ्याचा तिसरा टाकताना हात नको तिकडे ओढला जातो. लिव्हर मुठीत आवळू नका, तळहाताने ढकला, न्यूट्रलला आल्यावर आतली स्प्रिंग त्याला आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणते, तिला आणू द्या.

हे मी भीती घालायला सांगत नाहीये, पण तिसऱ्यात ७००० ला असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला आणि क्लच सोडला तर चाकं इंजिनला १०,२०० च्या वर फिरवतात. इंजिनला मर्यादेबाहेर जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर तिथे काही करू शकत नाही, तो फक्त पेट्रोल तोडतो, चाकांना कोण थांबवणार. याला इकडे 'मनी शिफ्ट' म्हणतात ते उगीच नाही, इंजिनचा खर्च बसतो. म्हणून हात सरळ होईपर्यंत जोरात पळवताना गिअर बदलायची हौस नको.

आता एक्झिटचा धक्का. लहानपणी भोरहून महाडला जाताना वरंधा घाटात मी एसटीत नेहमी ड्रायव्हरच्या मागची सीट पकडायचो. ड्रायव्हर काका खालचा गिअर टाकताना क्लच दाबायचे, न्यूट्रल, क्लच सोडून एक रेस, परत क्लच, मग गिअर. मला वाटायचं सवय असेल. तो डबल क्लच होता, त्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रो नसायचे, रेस दिल्याशिवाय गिअर पडलाच नसता. तुमच्या गाडीत सिंक्रो आहे, तो गिअर नि शाफ्टचा मेळ घालतो आणि गिअर शांतपणे पडतो, पण इंजिनचा मेळ तो घालत नाही, तो तुमच्या उजव्या पायाचा. तिसऱ्यात ताशी २५ मैलाला इंजिन २००० वर असतं, दुसऱ्यात तेच ३००० लागतं. तुम्ही काय करता, क्लच दाबता, तोवर ते पडून १००० ला येतं, आणि मग सोडता. अडणारच की. क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारा, आवाज वर गेला की गिअर टाकून सोडा. थोडं जास्त झालं तरी चालेल, कमी झालेलं जास्त बोचतं. दोनदा क्लच मारायची काही गरज नाही.

हील-अँड-टो म्हणजे हेच सगळं ब्रेक दाबलेला असताना. आत्ता नको. रस्त्यावर ब्रेक मारून स्पीड कमी करा, ब्रेक सोडा, टिचकी, दुसरा, वळा. याने रोजचं ९९ टक्के भागतं. ही टिचकी विचार न करता यायला लागली की घरासमोर इंजिन बंद करून पाय कसा बसतो ते बघा, एनडीचा ॲक्सिलरेटर खालून जमिनीला जोडलेला आहे, त्यावर पावलाची कड टेकवायला मला तरी सोपं गेलं. मी पहिल्यांदा चालत्या गाडीत करून पाहिलं तेव्हा ब्रेक इतका जोरात दाबला गेला की मागच्याने हॉर्न वाजवून माझ्या खानदानाची चौकशी केली.

शॉर्ट शिफ्टरचे पैसे वाचवा. लिव्हरचा प्रवास आधीच लहान आहे, अजून लहान केला तर जोर जास्त लागतो आणि आत्ता तुम्हाला जो थांबा शिकायचाय तोच निघून जातो. त्यापेक्षा सेकंडहँड आहे तर गिअर ऑइल कधी बदललंय ते विचारा, माहीत नसेल तर बदलून टाका, ते काम स्वस्तात होतं. जानेवारीत सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं दुसरा गिअर अडतोच, ऑइल थंड असतं, तेव्हा जबरदस्ती करू नका, 'स्वारगेट'च्या जागी 'शिवाजीनगर' म्हणा. पण गाडी गरम झाल्यावर, क्लच पूर्ण दाबूनही कर्रकन आवाज येत असेल तर ती तुमची चूक नाही, मेकॅनिकला दाखवा, क्लचचं फ्लुइड आधी तपासायला सांगा.

रविवारी सकाळी सातला हॅरिमन पार्कमधल्या सेव्हन लेक्स ड्राइव्ह या रस्त्यावर जा, तेव्हा गर्दी नसते. पहिले दोन रविवार एकटेच जा, वहिनींना तिसऱ्या रविवारी न्या. कसं झालं ते विचारू नका, फक्त वळणावर वहिनी दाराचं हँडल धरतात का ते बघा.