राजवाड्याजवळ काकूंचा पापड-लोणच्याचा ठेला आहे, बँकेने लोन नाकारलं. गरिबांना लोन देणं बँकेवर बंधनकारक नाही का?

बँकेवर आहे, पण काकूंनाच द्या असं बंधन नाही. टार्गेट अख्ख्या बँकेचं असतं, एकेका माणसाचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या प्रायॉरिटी सेक्टरच्या (शेती, छोटे धंदे, गरीब अशांना आधी कर्ज देण्याच्या) नियमाप्रमाणे बँकेने ढोबळमानाने आपल्या एकूण कर्जातलं 40 टक्के या खात्यात दाखवायचं, त्यातच, एकूण कर्जाच्या हिशोबाने, दुर्बल घटकांचे 12 टक्के आणि सूक्ष्म उद्योगांचे 7.5 टक्के. कमी पडलं तर तेवढा पैसा नाबार्ड (शेती-ग्रामीण विकासाची सरकारी बँक) वगैरेंच्या फंडात कमी व्याजाने ठेवावा लागतो, म्हणजे शिक्षा अशी की कमाई घटते, बस. आणि खरं सांगायचं तर बँका दुसऱ्या बँकांकडून त्यांच्या टार्गेटपेक्षा जास्त झालेल्या कर्जाची सर्टिफिकेटं विकत घेऊनही आकडा पुरा करतात, त्यामुळे ब्रांचवाल्याला ठेलेवाल्यांची फार गरज पडतेच असं नाही. मी क्रेडिट डिपार्टमेंटला काम केलंय, हे रोजचं बघितलंय.

तरी नुसतं तोंडी "नाही होणार" ऐकून परत येऊ नका, नाकारण्याचं कारण लेखी मागा, ते द्यायलाच हवं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नाही दिलं तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फी नाही. फक्त एक लक्षात घ्या, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब असेल किंवा जुना हप्ता थकला असेल तर बँकेचा नकार बरोबरच धरतात, लोकपाल लोन मंजूर करून देत नाही. ठेल्यासाठी पीएम स्वनिधी या ठेलेवाल्यांच्या सरकारी कर्ज योजनेचंही नगर निगममध्ये विचारून घ्या, त्याला गहाण लागत नाही.